पेटीतले फोटो स्कॅन करताना: किती डीपीआय लावायचं आणि त्या अजस्र फायलींचं काय करायचं?

स्कॅनरच्या खोक्यावर '४८०० डीपीआय' असं ठळक छापलं होतं. पैसे मोजलेत तर ते पुरेपूर वसूल करावेत, या मध्यमवर्गीय न्यायाने मी पहिलाच फोटो ४८०० वर लावला. आजीचा, चार बाय सहा इंचांचा. स्कॅनरचा दिवा मुंगीच्या पावलांनी सरकू लागला. मी चहा ठेवला, चहा झाला, पिऊनही झाला. शेवटी दीड जीबीपेक्षा मोठी एक फाइल तयार झाली आणि ती उघडताना लॅपटॉपने मान टाकली. दुसऱ्या दिवशी तोच फोटो ६०० वर स्कॅन केला. अर्ध्या मिनिटात झाला, २६ एमबीत बसला आणि आजीच्या नथीतले मोती दोन्हीकडे सारखेच दिसत होते.

ज्यांनी माळ्यावरची पेटी नुकतीच खाली काढली आहे आणि ज्यांना वाटतं की मोठा आकडा म्हणजे चांगला स्कॅन, त्यांच्यासाठी हा लेख आहे. पेटीत साधारण काय काय निघतं हे मला माहीत आहे: लग्नाचे अल्बम, पाकिटातल्या निगेटिव्ह, जुनी मोडी कागदपत्रं, सातबारे, एखादा दिवाळी अंक आणि नशीब जोरावर असेल तर गुंडाळी केलेली जन्मपत्रिका. यातल्या प्रत्येकाला वेगळा आकडा लागतो.

आधी एक गुणाकार

डीपीआय म्हणजे मूळ वस्तूच्या एका इंचातून स्कॅनर किती पिक्सेल उचलतो तो आकडा. काटेकोर लोक त्याला पीपीआय म्हणतात. स्कॅनरच्या खिडकीत डीपीआय लिहिलेलं असतं, म्हणून इथेही तेच वापरतो. इंच गुणिले डीपीआय केलं की पिक्सेल मिळतात. चार बाय सहाचा फोटो ६०० वर स्कॅन केला की २४०० बाय ३६००, म्हणजे ८६ लाख पिक्सेल. रंगीत स्कॅनमध्ये प्रत्येक पिक्सेलला ३ बाइट लागतात, म्हणून २६ एमबी.

नवखा माणूस इथे एका गोष्टीत फसतो. डीपीआय दुप्पट केलं की फाइल दुप्पट होत नाही, चौपट होते, कारण लांबी आणि रुंदी दोन्ही वाढतात. तोच फोटो ३०० वर साडेसहा एमबी, ६०० वर २६, १२०० वर १०४ आणि २४०० वर ४१५ एमबी. पेटीत हजार फोटो असतील तर ६०० वर २६ जीबी लागतील, २४०० वर ४१५ जीबी. स्कॅनचं बटण दाबण्याआधी हा गुणाकार मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर एकदा करून पाहा. पुढचे निम्मे घोटाळे तिथेच टळतात.

एकदा स्कॅन झाल्यावर सॉफ्टवेअरमध्ये जाऊन नुसता '७२'चा आकडा '३००' केला, तर चित्रात एकही नवा पिक्सेल येत नाही. तो आकडा म्हणजे छापताना किती मोठं छापायचं याची चिठ्ठी असते. कुणी 'फोटो ३०० डीपीआयचा पाठवा' म्हणालं की त्याला उलट विचारा: किती इंचांचा?

बटण दाबण्याआधी: सर्वांत बारीक काय दिसायला हवं?

आकडा ठरवताना मी स्वतःला दोनच प्रश्न विचारतो. या वस्तूत सर्वांत बारीक अशी कोणती गोष्ट आहे जी मला दिसायला हवी? आणि ही वस्तू पुढे किती मोठी करून छापायची वेळ येईल?

पहिल्या प्रश्नासाठी पट्टी घ्या. ३०० डीपीआयला एका मिलिमीटरमध्ये जेमतेम १२ पिक्सेल येतात. बोरूने लिहिलेल्या मोडी अक्षराची रेघ अर्धा मिलिमीटर जाड असली तरी तिच्या वाट्याला सहा पिक्सेल येतात. ती झकास वाचता येते. पण जुन्या वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातींचा टाइप बघा. तिथे मात्रेची रेघ मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाइतकी असू शकते. ३०० वर तिला एकच पिक्सेल मिळतो, आणि मग अनुस्वार आहे की कागदावरचा डाग आहे, हे कळायला मार्ग नाही. बारीकातल्या बारीक रेघेला दोन-तीन पिक्सेल तरी मिळाले पाहिजेत, एवढं धरून चाला.

दुसऱ्या प्रश्नाचा हिशोब असा: छापायचा आकार भागिले मूळ आकार, गुणिले ३००. सव्वादोन इंचांचा चौकोनी फोटो नऊ इंचांचा करून फ्रेम करायचाय, म्हणजे चौपट. म्हणून १२००.

आता आपल्याकडे हमखास येणारा प्रसंग घ्या. घरातलं कुणी जातं आणि त्यांचा एकच बरा फोटो सापडतो, तोही पासपोर्ट आकाराचा. तेराव्याच्या आत तो बारा इंच रुंद फ्रेममध्ये हवा असतो. साडेतीन सेंटिमीटरचा फोटो बारा इंच करायचा म्हणजे जवळपास नऊपट. सूत्राप्रमाणे २६०० डीपीआय होतात. पण त्या कागदावर तेवढा तपशील मुळातच उतरलेला नसतो. शिवाय भिंतीवरची फ्रेम कुणी नाकाला लावून बघत नाही, छपाईला इंचाला दीडशे पिक्सेलही पुरतात. म्हणून १२०० वर स्कॅन करा आणि उरलेलं मोठं करायचं काम स्टुडिओवाल्यावर सोपवा. फ्लेक्सचंही तसंच. चार बाय सहाचा फोटो ६०० वर केला असेल तर दोन बाय तीन फुटांच्या फ्लेक्सला इंचाला १०० पिक्सेल मिळतात, आणि लांबून बघायच्या फ्लेक्सला तेवढे भरपूर झाले. 'हाय-रेझ पाठवा' असा निरोप आला म्हणून पुन्हा पेटी उघडायला नको.

वस्तूनुसार आकडे

कागदावर छापलेल्या साध्या फोटोंना ६०० लावा. बहुतेक जुन्या प्रिंटमध्ये इंचाला तीनशेच्या आसपास खरा तपशील असतो, सहाशेत तो सगळा येतो आणि थोडी वाढवायची सोयही राहते. अपवाद लहान प्रिंटचा. अ‍ॅग्फा क्लिक थ्रीसारख्या कॅमेऱ्यात १२० नंबरच्या रिळावर बारा चौकोनी फोटो निघत, आणि पैसे वाचवायला लोक निगेटिव्हच्याच आकाराच्या प्रिंट काढून घेत. या सव्वादोन इंची प्रिंट निगेटिव्हवर कागद टेकवून काढलेल्या असल्याने अंगाने लहान पण तपशिलाने दाट असतात. त्यांना १२०० द्या. चष्म्याच्या काडीपासून मागच्या दुकानाच्या पाटीपर्यंत काय काय बाहेर येतं ते बघाच.

त्या चौकोनी फोटोची निगेटिव्ह सापडली तर प्रिंट बाजूला ठेवा. निगेटिव्हमध्ये प्रिंटपेक्षा नेहमीच जास्त असतं. ५६ मिलिमीटरची ती चौकट २४०० वर स्कॅन केली की २८ मेगापिक्सेल, म्हणजे २ कोटी ८० लाख पिक्सेल, मिळतात. ३५ मिलिमीटरच्या फिल्मची चौकट मात्र २४ बाय ३६ मिलिमीटर एवढीच असते. तिला २४०० वर पावणेआठ मेगापिक्सेल आणि ३२०० वर पावणेचौदा मिळतात. घरगुती कॅमेऱ्यात काढलेल्या फोटोंसाठी मी यापुढे जात नाही. फिल्म खालून उजेड देऊन स्कॅन करावी लागते, त्यामुळे साध्या ऑल-इन-वन प्रिंटरवर हे जमणार नाही. झाकणात दिवा असलेला फ्लॅटबेड (सपाट काचेचा स्कॅनर) किंवा खास फिल्म स्कॅनर हवा.

आता खोक्यावरच्या आकड्याबद्दल. '४८०० बाय ९६००' असं लिहिलेलं असतं, त्यातला पहिला आकडा सेन्सरचा आणि दुसरा मोटर किती बारीक पावलं टाकते याचा. '१९२००' असं काही दिसलं तर ते सॉफ्टवेअरने मधले पिक्सेल अंदाजाने भरलेले आहेत, ते विसरून जा. सेन्सरचा आकडाही कागदावरचाच. भिंग, काच आणि फोकस यांच्या मर्यादेमुळे फिल्मवाल्या फ्लॅटबेडमध्ये प्रत्यक्षात हाती येणारा तपशील बरेचदा दीड-दोन हजारांच्या आसपासच थांबतो. ६४०० वर स्कॅन केलं की फाइल फुगते, चित्र मात्र तेच राहतं. दुधात पाणी घालून लिटर वाढवण्यासारखंच आहे हे.

हस्तलिखितं, पत्रं, सातबारा, फेरफार, खरेदीखतं यांना ३००, अक्षर बारीक असेल तर ४००. आणि ही रंगीतच स्कॅन करा. 'काळं-पांढरं कागदपत्र तर आहे' म्हणून ग्रे किंवा ब्लॅक अँड व्हाइट लावलं की शाईचा तपकिरीपणा, शिक्क्याचा जांभळा रंग, मागच्या पानावरून उमटलेली शाई आणि पुढची शाई यांतला फरक हे सगळं एका रंगात विरघळतं. मागची शाई फार उमटत असेल तर पानाच्या मागे काळा कागद ठेवून स्कॅन करा; ती बरीच दबते. छापील मराठी मजकूर पुढे ओसीआरने, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरने, टाइप करून घ्यायचा असेल तर ३०० ला सुरुवात करा, टाइप बारीक असेल तर ४००. टेसरॅक्टसारखं मोफत ओसीआर देवनागरी मराठी वाचतं, मोडी वाचत नाही. मोडीसाठी जाणकार माणूसच शोधावा लागतो, आणि त्याला झूम करता येईल असा स्वच्छ स्कॅन देणं एवढंच आपलं काम.

दिवाळी अंकातली, वर्तमानपत्रातली छायाचित्रं हे वेगळं प्रकरण आहे. भिंगातून पाहिलंत तर ती ठिपक्यांनी बनलेली दिसतील. ती १५०-२०० वर स्कॅन केली की ठिपक्यांची जाळी आणि पिक्सेलची जाळी एकमेकींत अडकतात आणि चित्रभर लाटा उमटतात. स्कॅनरमध्ये ही जाळी पुसणारं 'डिस्क्रीन' असेल तर ते वापरा. नसेल तर ६०० वर स्कॅन करून किंचित धूसर करा आणि मग निम्म्या आकारावर आणा.

एकदाच करायची चाचणी

माझ्या आकड्यांवर विश्वास ठेवू नका, स्वतः बघा. पेटीतला एक नमुन्याचा फोटो घ्या. चेहरा किंवा साडीचे काठ स्पष्ट असलेला. ३००, ६०० आणि १२०० असे तीन स्कॅन काढा. पूर्ण फोटोही नको, डोळा आणि त्याच्या आसपासचा इंचभर भाग पुरे. मग तिन्ही स्क्रीनवर एकाच आकाराचे दिसतील इतके मोठे करा. ३०० आणि ६०० मध्ये बहुतेक वेळा फरक दिसेल: पापण्या सुट्या होतील, काठातली वीण कळेल. ६०० आणि १२०० मध्ये नवं काही दिसतंय का? की तोच अस्पष्टपणा जास्त पिक्सेलमध्ये पसरलाय आणि कागदाचे तंतू तेवढे ठळक झालेत? नवं दिसत नसेल तिथे थांबा. ही पंधरा मिनिटं हजार फोटोंसाठी पुरतात. अल्बम बदलला की पुन्हा एकदा करा, कारण १९५० च्या स्टुडिओतला फोटो आणि १९९० च्या लॅबमधली प्रिंट यांची जात वेगळी असते.

काचेवर ठेवताना

काच पुसायचं द्रव काचेवर थेट फवारू नका, कडेतून आत जातं आणि खालच्या बाजूने धुकं धरतं. कापडावर घ्या. फोटोवरची धूळ मऊ ब्रशने किंवा हवेच्या फुग्याने उडवा. बुरशी आली असेल, आणि कोकणातल्या घरात ती असणारच, तर ओल्या फडक्याने पुसायचा मोह आवरा. फोटोवरचा जिलेटिनचा थर पाण्याने मऊ होतो आणि बुरशीबरोबर चेहराही निघून येतो. पावसाळ्यात पेटी न उघडलेलीच बरी. दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत हे काम काढा.

चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढून काढू नका. शिवणाचा दोरा फोटोच्या मागे घालून हलके करवतीसारखा फिरवा. तरी निघत नसेल तर अल्बमचं पानच काचेवर ठेवा. उघडल्यावर मधे खोल खोबण राहणाऱ्या जाड पुस्तकासाठी पातळ, केवळ यूएसबीवर चालणारे स्कॅनर कामाचे नाहीत. त्यांचा सेन्सर काचेला टेकलेल्या भागातच नीट बघतो, दोन मिलिमीटर वर गेलं की धूसर. सपाट फोटोंना मात्र ते उत्तम चालतात.

साडेतीन बाय पाचचे चार फोटो ए-फोर काचेवर एकदम बसतात, चार बाय सहाचे तीन. बहुतेक स्कॅनर त्यांचे वेगवेगळे तुकडे आपोआप करतात. वेळ वाचतो.

स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमधलं आपोआप शार्प करणं, रंग सुधारणं, धूळ काढणं हे सगळं बंद ठेवा. सुधारणा नंतर कधीही करता येतात. स्कॅनरने खाल्लेलं परत मिळत नाही. रंगीत निगेटिव्हसाठी इन्फ्रारेडने धूळ काढण्याची सोय अप्रतिम आहे, पण चांदीच्या पारंपरिक कृष्णधवल फिल्मवर ती लावू नका. चांदी इन्फ्रारेड अडवते आणि यंत्राला चित्रच धूळ वाटतं.

प्रत्येक पिक्सेलचा रंग नोंदवायला २४ बिट की ४८? साध्या फोटोला २४ पुरे. लाल पडलेल्या जुन्या रंगीत प्रिंट आणि निगेटिव्ह यांना ४८ द्या, कारण त्यांचे रंग नंतर खूप ओढावे लागतात आणि २४ बिटांत ओढाताण केली की आभाळात पायऱ्या दिसू लागतात. फाइल दुप्पट होईल, तयारी ठेवा.

एक खोड मला फार उशिरा कळली. काही स्टुडिओ सिल्क फिनिशच्या, खरबरीत जाळीच्या कागदावर प्रिंट देत. स्कॅन केलं की प्रत्येक खड्ड्याची एक बाजू चमकते आणि चेहऱ्यावर मधमाशांचं पोळं उगवतं. डीपीआय वाढवून हे जात नाही, उलट वाढतं. फोटो एकदा सरळ आणि एकदा उलटा, १८० अंशांत फिरवून, असे दोन स्कॅन काढा. दुसरा सॉफ्टवेअरमध्ये सरळ करून पहिल्यावर पन्नास टक्के पारदर्शक ठेवा. चमक एकमेकींना बऱ्यापैकी खोडते.

दहा फुटांची पत्रिका

आता अजस्र फायलींकडे वळू. आमच्या पणजोबांची जन्मपत्रिका सहा इंच रुंद आणि दहा फूट लांब आहे. वर गणपतीचं रंगीत चित्र, कडेला वेलबुट्टी, खाली ग्रहांची कुंडली आणि मग संस्कृत श्लोकांची रांग. ए-फोर काचेवर तिचे पावणेबारा इंच एका वेळी बसतात. जोडताना सांधा सापडावा म्हणून प्रत्येक तुकड्यात मागच्याचा पाव भाग पुन्हा घ्यावा लागतो, म्हणजे चौदा तुकडे झाले. सगळे एकाच डीपीआयने, आपोआप उजेड ठरवणं बंद करून. नाहीतर वेलबुट्टीवर दर नऊ इंचांनी पिवळेपणाचा नवा पट्टा दिसतो. जोडायला हगिन हे मोफत सॉफ्टवेअर चालतं.

६०० वर जोडून झालेलं चित्र भरलं ३६०० बाय ७२००० पिक्सेल. जेपेग करायला गेलो तर सॉफ्टवेअरने साफ नकार दिला. मला वाटलं मेमरी कमी पडली. पण कारण साधं होतं: जेपेगमध्ये चित्राची कोणतीही बाजू ६५,५३५ पिक्सेलपेक्षा लांब चालत नाही. ६०० डीपीआयला ते जेमतेम नऊ फूट होतात. पणजोबांचं भविष्य फुटाने जास्त होतं!

या मर्यादा ठाऊक असाव्यात. फोटोशॉपची पीएसडी ३०,००० पिक्सेल आणि २ जीबीला थांबते, पुढे पीएसबी वापरावी लागते, ती तीन लाख पिक्सेलपर्यंत जाते. वेबसाइटवर वापरतात त्या वेबपी फाइलची बाजू जास्तीत जास्त १६,३८३ पिक्सेलची. टिफ म्हणजे चित्रातलं काही न गमावता साठवणारी फाइल; नेहमीची टिफ ४ जीबीपर्यंत, त्यापलीकडे बिगटिफ. आणि पेन ड्राइव्ह फॅट-३२ प्रकारचा असेल तर ४ जीबीची फाइल त्यावर जातच नाही, जागा कितीही रिकामी असो. तो एक्स-फॅटमध्ये फॉरमॅट करून घ्यावा, अर्थात आधी आतलं सगळं दुसरीकडे काढून.

पत्रिका शेवटी ४०० वर पुन्हा केली. २४०० बाय ४८०००, ३४५ एमबी. त्यातले श्लोक बोटाएवढ्या अक्षरांत आहेत. ६०० ची गरज मुळात नव्हतीच.

फाइल लहान, चित्र मोठं

जेपेगची फाइल १५ एमबी दिसते म्हणून ती हलकी आहे असं समजू नका. ती दाबून भरलेली गादी आहे. उघडली की पूर्ण फुगते: रुंदी गुणिले उंची गुणिले ३ बाइट. त्यात एक लेयर वाढवला की दुप्पट, 'अनडू'साठी जुन्या प्रती धरल्या की आणखी. चार जीबी रॅमच्या लॅपटॉपवर ए-थ्री कागदाचा ६०० डीपीआयचा ४८ बिट स्कॅन, म्हणजे ४१८ एमबी, उघडून तीन लेयर केले तर यंत्र हार्ड डिस्कवर चिठ्ठ्या लिहीत बसतं. त्यालाच आपण हँग होणं म्हणतो.

उपाय महागडे नाहीत. ६४ बिटचं सॉफ्टवेअर वापरा. ब्राउझर बंद करा, तोच सर्वांत खादाड असतो. सॉफ्टवेअरची तात्पुरती जागा एसएसडी या वेगवान डिस्कवर द्या आणि तिथे फाइलच्या चार-पाचपट जागा मोकळी ठेवा. नुसतं बघायचं असेल तर एडिटर उघडूच नका, इरफानव्ह्यूसारखा साधा व्ह्यूअर पुरतो. ढीगभर फायली लहान करायच्या असतील तर लिबव्हिप्स नावाचं मोफत साधन आहे. ते पूर्ण चित्र मेमरीत न घेता पट्ट्यापट्ट्याने पुढे सरकतं, त्यामुळे जुन्या यंत्रावरही चालतं. कमांड लिहायची भीती वाटत असेल तर घरातल्या कॉलेजकुमाराला पकडा.

कुटुंबाला मोठं चित्र झूम करून दाखवायचं असेल तर त्याचे छोटे चौकोन पाडून ठेवतात. बघणारा जिथे झूम करेल तेवढेच चौकोन उघडतात. नकाशे मोबाइलवर असेच दिसतात. लिबव्हिप्स असे चौकोन पाडून देतं आणि ओपनसीड्रॅगन नावाचं साधन ते ब्राउझरमध्ये दाखवतं. अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने चित्रकार रेम्ब्राँच्या 'नाइट वॉच'चं ७१७ गिगापिक्सेलचं (७१,७०० कोटी पिक्सेलचं) चित्र २०२२ मध्ये लोकांसमोर ठेवलं, ते ८,४३९ फोटो जोडून केलेलं आणि ५.६ टीबीचं. ते साध्या फोनवरही उघडतं, ते या चौकोनांच्या युक्तीमुळेच. तिथे दर ५ मायक्रोमीटरला एक पिक्सेल आहे, म्हणजे डीपीआयच्या भाषेत ५०८० झाले. पण त्यांना रंगाचे कण बघायचे होते. आपल्याला आजीची नथ बघायचीय.

मूळ प्रत आणि हिंडणारी प्रत

प्रत्येक स्कॅनच्या दोन प्रती ठेवा. मूळ प्रत टिफमध्ये; तिला हात लावायचा नाही. टिफ सेव्ह करताना फाइल दाबण्याची झिप ही पद्धत (झिप कॉम्प्रेशन) निवडा, त्यात काही गमावत नाही. एलझेडडब्ल्यू ही दुसरी पद्धतही चालते, पण ४८ बिटच्या फायली त्याने कधीकधी उलट मोठ्या होतात. दुसरी प्रत जेपेगमध्ये, लांब बाजू दोन-तीन हजार पिक्सेल. हीच नातेवाइकांत हिंडते. सुधारणा करायच्या तर टिफची नक्कल काढून त्यात करा. जेपेग उघडून पुन्हा पुन्हा सेव्ह केली की दर वेळी थोडी झिजते. डिस्कवर जागा कमीच असेल तर मूळ प्रत ९५ च्या क्वालिटीची जेपेग ठेवली तरी आभाळ कोसळत नाही. अर्धवट सोडलेल्या टिफपेक्षा पूर्ण झालेला जेपेगचा अल्बम बरा.

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलं की तो चेपला जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, २ जीबीपर्यंत जसंच्या तसं जातं. ईमेलला जीमेलची मर्यादा २५ एमबी. गूगल फोटोजमध्ये 'स्टोरेज सेव्हर' चालू असेल तर १६ मेगापिक्सेलवरचं चित्र लहान केलं जातं. अमेरिकेतल्या मामेभावाने तिथून उतरवलेली प्रत मूळ समजून छापायला देऊ नये, एवढं त्याला आधीच सांगा.

उलटा प्रश्नही येतो. ऑनलाइन अर्जाला फोटो ५० केबीच्या आत हवा असतो आणि लोक डीपीआय कमी-जास्त करत बसतात. तिथे आधी पिक्सेल कमी करा, अर्जात २०० बाय २३० लिहिलं असेल तर नेमके तेवढे, आणि मग जेपेगची क्वालिटी उतरवा.

फायलींची नावं वर्षापासून सुरू करा आणि रोमन अक्षरांत, मधे जागा न सोडता ठेवा: वर्ष, गाव, प्रसंग, तीन आकडी क्रमांक. वर्ष नक्की नसेल तर दशक घाला. फोटोची मागची बाजू ३०० वर वेगळी स्कॅन करून तिला तोच क्रमांक द्या. 'चि. सौ. कां.च्या लग्नात, डावीकडून तिसरी बेबी' असं निळ्या शाईत लिहिलेलं असतं. बेबी कोण हे सांगणारी माणसं आज आहेत तोवर त्यांना फोनवर विचारून तेही एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहून टाका.

तीन प्रती, दोन वेगळ्या जागी: एक लॅपटॉपवर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि एक दुसऱ्या शहरातल्या भावंडाकडे किंवा क्लाउडवर. गूगलचे मोफत १५ जीबी जीमेलसकट असतात, मूळ टिफ त्यात मावणार नाहीत. तिथे जेपेग ठेवा. पेटी परत माळ्यावर चढवण्याआधी ती हार्ड डिस्क दुसऱ्याच कुणाच्या कॉम्प्युटरला लावा, डोळे मिटून कुठल्याही दहा फायली निवडा आणि त्या उघडून शंभर टक्के झूमवर एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत बघा. माझ्या दहापैकी दोन अर्ध्यावर करड्या निघाल्या होत्या. फोटो अजून टेबलावरच होते म्हणून वाचलो.